मातृभाषेचा रकाना

वकिलाच्या आयुष्यात सुटी म्हणून जी येते ती बहुधा दुसऱ्या कोणाच्या कामात खर्ची पडते. गेल्या जून महिन्यात आम्हांस मिळालेला एक आठवडा असाच गेला. फरक इतकाच, की तो कचेरीत न जाता एका खेड्यातील प्राथमिक शाळेत गेला, आणि तेथून परतल्यापासून आमच्या मनाला एक बारीकशी टोचणी लागून राहिली आहे. या पानांच्या वाचकांपुढे ती मांडण्याचे धाडस करतो, कारण घरात कोंकणी आणि पाटीवर मराठी हा संसार आपणांपैकी पुष्कळांनी केला आहे. आमचे म्हणणे त्यांना फारसे फोडून सांगावे लागणार नाही.

आमची वकिली हैदराबादेस चालते. आदिलाबाद जिल्ह्यात आमचे एक जुने अशील आहेत. पैनगंगेच्या अलीकडे त्यांची थोडी काळी जमीन आहे, आणि त्या जमिनीच्या वादानेच आमची त्यांची ओळख झाली. मे महिन्याच्या अखेरीस त्यांचा फोन आला. "वकीलसाहेब, या खेपेले जमिनीचं काम नाही. शाळेचा अर्ज लिहाचा हाये. पन आधी आठ रोज येऊन पाहा, मंग लिहा." न पाहता अर्ज लिहिण्याची सवय हाडीमाशी खिळलेल्या माणसाला ही अट नवीन होती. आम्ही कबूल झालो. गावाचे नाव येथे देत नाही. अर्जाचा निकाल अजून लागायचा आहे.

हैदराबादेहून आदिलाबाद सुमारे तीनशे किलोमीटर. निर्मळचा घाट चढून गेले की माती काळी होऊ लागते आणि हळूहळू कानांवर येणारी भाषाही बदलते. जैनथच्या लक्ष्मीनारायणाचे दर्शन घेऊन आम्ही बेल्याच्या रस्त्याला लागलो. रस्त्यावरच्या पाट्या तेलुगूत, पण पाटीखाली उभे राहून चाललेली घासाघीस मराठीत. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. दुतर्फा शेतांतून बायामाणसे ओणवी होऊन सरकी टोकीत होती. आमच्या खिशातील मोबाइल कधी तेलंगणात असे, कधी महाराष्ट्रात. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा आहे, आणि त्या यंत्राला सरहद्दीचा काही निर्णय करता येत नव्हता.

तो निर्णय माणसांनी १९५६ साली केला. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरास हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्याकडे गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशाकडे. पुढे २०१४ साली तेलंगण निराळे झाले आणि २०१६ साली एका आदिलाबादेचे चार जिल्हे झाले. पण मुख्य रेघ ती १९५६ ची. नकाशावर ओढलेल्या रेघेलाही काही जाडी असते, आणि त्या जाडीत जी गावे सापडली त्यांपैकी हे एक. त्याच वर्षी घटनेची सातवी दुरुस्ती झाली. राज्यांची नवी मांडणी जिने घटनेत उतरविली, तिनेच ३५०-अ हे कलमही घातले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा. एका हाताने रेघ ओढली आणि दुसऱ्या हाताने रेघेअलीकडे राहून गेलेल्या लेकरांची आठवण ठेवली, असा आम्ही त्या दुरुस्तीचा अर्थ लावतो. कलमातला ‘प्रयत्न’ हा शब्द मात्र वकिलाच्या फार ओळखीचा. ज्याला देणे नाकारायचे नाही पण तारीखही द्यायची नाही, तो कर्जदार हाच शब्द वापरतो.

शाळेला दोन खोल्या, पुढे ओसरी, अंगणात कडुलिंब आणि हातपंप. एका खोलीत तेलुगू विभाग, दुसरीत मराठी. तेलुगूच्या बाई आदिलाबादेहून रोज बसने येत. मराठीचे गुरुजी गावातच राहत. पाच इयत्ता एकट्या गुरुजींच्या अंगावर. या राज्यात तेलुगू-इंग्रजीखेरीज इतर माध्यमांना कचेरीच्या भाषेत ‘मायनर मीडियम’ म्हणतात. कायद्यात मायनर म्हणजे अज्ञान. त्याच्या वतीने पालकाने बोलायचे असते. गुरुजी गेली कित्येक वर्षे त्या पालकाच्या जागी उभे होते, आणि येत्या वर्षी ते निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी मराठीचा शिक्षक मिळाला नाही तर खोली राहील, विभाग राहणार नाही. अर्ज यासाठी होता.

आम्ही गेलो तो आठवडा ‘बडीबाट’चा होता. तेलुगूत बडी म्हणजे शाळा आणि बाट म्हणजे वाट. हा दुसरा शब्द आमच्या कोंकणी-मराठी कानांना भाषांतर करूनही घ्यावा लागला नाही. तेलंगणात दर जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास, प्राध्यापक जयशंकर यांच्या नावाने, हा उपक्रम चालतो. सहा वर्षांचे प्रत्येक मूल सरकारी शाळेत यावे म्हणून शिक्षकांनी दारोदार जायचे, आणि आठवड्याच्या प्रत्येक दिवशी शाळेत काहीतरी घडवून आणायचे. कागदावर हे सोपे दिसते. पण हा काळ पेरणीचा. आईबाप सूर्योदयाआधी शेतात जातात, आणि घरी जे दार उघडते ते बहुधा आजीच्या हाताने.

पहिल्या सकाळी प्रभातफेरी निघाली. पुढे फलक, मागे पाचवीतला एक मुलगा पत्र्याच्या डब्यावर ताल धरून, आणि त्याच्यामागे दोन्ही विभागांची मुले आळीपाळीने तेलुगूत व मराठीत घोषणा देत. गाव लहान, तीन गल्ल्यांत फेरी संपते. ती संपत आली असता समोरून एक पिवळी गाडी आली. शहराकडच्या एका इंग्रजी शाळेची ती गाडी रोज गावात येते. मुलांनी न सांगता वाट दिली, डबा थांबला, घोषणाही थांबल्या. गाडीच्या खिडक्यांतून गावचीच मुले, गळ्यात टाय बांधलेली, आपल्या चुलत-मावस भावंडांकडे पाहत निघून गेली. आम्ही मोजली, अकरा होती. गाडी वळणाआड होईपर्यंत डब्यावरचा मुलगा उभा राहिला, आणि मग त्याने पुन्हा ताल धरला.

आम्ही मनाशी अर्जाची कलमे जुळवीत होतो, त्यांत तेलुगूच्या सक्तीविषयी दोन कडक वाक्ये होती. २०१८ च्या कायद्याने या राज्यातील सर्व शाळांत तेलुगू शिकविणे आवश्यक केले आहे. ती वाक्ये त्याच सकाळी गळाली. गावात तेलुगूविषयी तक्रार आम्हांस कोठे ऐकू आली नाही. बसची पाटी वाचता यावी, दवाखान्यात बोलता यावे, कचेरीत कोणी फसवू नये, यासाठी ती प्रत्येकालाच हवी आहे. मराठी विभागाची मुले तेलुगूकडे गेली नव्हती. ती पिवळ्या गाडीत बसली होती.

यावर रागावण्याचा आम्हांस अधिकार किती, हे त्याच दुपारी कळले. अशिलांच्या घरी जेवताना त्यांच्या पत्नीने सहज विचारले, "भाऊ, तुमची लेक कोनत्या शाळेत जाते?" आम्ही सांगितले. "इंग्रजीच्या?" "हो." "मराठी येते तिले?" थोडी येते, आम्ही म्हणालो, घरी आम्ही कोंकणी बोलतो, ती उत्तरे इंग्रजीत देते. वहिनी हसल्या आणि त्यांनी आमच्या पानात आणखी एक भाकर टाकली. त्यांच्या प्रश्नात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. टोमण्याला उत्तर देता येते.

मधल्या दिवसांत पुष्कळ काही झाले. झाडलोट झाली, पुस्तके वाटली गेली, गणवेशाची मापे घेतली गेली, रोपे लावली गेली आणि त्यांतील दोन शेळीने त्याच संध्याकाळी खाल्ली. मुलांच्या सभेत चौथीतल्या एका मुलीने अध्यक्षस्थान भूषवून आमच्यासारख्या पाहुण्याला ‘थोडक्यात बोला’ अशी ताकीद दिली. बारमध्ये ही ताकीद आम्हांस अनेकदा मिळाली आहे, पण इतक्या गोड आवाजात कधी नाही. हे सारे लिहीत बसलो तर जागा पुरणार नाही. आमचे लक्ष ज्या एका पोरीत गुंतले तिच्याविषयी लिहावयाचे आहे.

दुसऱ्या दिवशी एक गोंड बाप आपल्या मुलीला घेऊन आला. गावाबाहेर पाचसात घरांचा त्यांचा गुडा आहे. मुलगी सहा वर्षांची. बापाच्या धोतराचा सोगा मुठीत धरून तिने सारी शाळा पाहिली आणि मग तोंड धोतरात लपविले. या जिल्ह्यातील पैनगंगेकडचे गोंड पिढ्यान्‌पिढ्या बाजारात मराठी बोलत आले आहेत, म्हणून बापाने तिला मराठीच्या खोलीत आणले. गुरुजींनी तिला जवळ घेतले आणि तक्त्यावरच्या घागरीच्या चित्रावर बोट ठेवून विचारले, "बाई, यात काय असते?"

"येर," ती म्हणाली.

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत, पण त्यांनी हलक्या आवाजात सांगितले, "पानी म्हन. पानी."

येर म्हणजे गोंडीत पाणी. ती पोर बरोबर बोलली होती. आणि आम्हांस एकाएकी फोंडा महालातील आमची शाळा आठवली. देवळाच्या अग्रशाळेमागे ती भरे. पहिल्या इयत्तेत गुरुजींनी विचारले होते, तहान लागली की आपण काय पितो? आम्ही मोठ्या उत्साहाने हात वर करून म्हणालो, "उदक!" ते गुरुजी घाटाकडचे होते. त्यांना हसू आवरेना. "अरे, उदक श्राद्धात सोडतात. पितात ते पाणी." संकल्पाचे उदक, तर्पणाचे उदक, दानावर सोडायचे उदक हे सारे आम्हांस पुढे कळले, त्या दिवशी इतकेच कळले की घरी आईने दिलेला शब्द शाळेत चालत नाही. संध्याकाळी आम्ही आईपाशी ऐटीत ‘पाणी’ मागितले. तिने तांब्या पुढे केला, पण पाहुण्याकडे पाहावे तसे आमच्याकडे पाहिले. ती गोष्ट १९८६-८७ ची. बाहेर राजभाषेचे आंदोलन पेटलेले होते. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला आणि १९९२ साली कोंकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत जाऊन बसली. त्या वादात पडण्याचे हे स्थळ नव्हे. मराठीने आम्हांस जे दिले त्याची मोजदाद आम्ही कधी करू शकणार नाही. हा लेखही तिच्यातच लिहीत आहोत. तथापि तो तांब्या आणि ती नजर आम्ही विसरलो आहोत, असेही म्हणवत नाही.

संध्याकाळी ओसरीवर गुरुजींपाशी हा विषय काढला. उटनूरच्या पलीकडे डोंगरात मारलवाई नावाचे गाव आहे. आता ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. १९४० साली जोडेघाटास कुमरम भीम मारला गेल्यानंतर निजाम सरकारला गोंडांचे दुखणे समजून घेण्याची गरज भासली, आणि फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचा एक ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ, जो महायुद्धामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरून हैदराबादेत अडकून पडला होता, या डोंगरांत येऊन राहिला. त्याच्या पुढाकाराने १९४३ साली मारलवाईस गोंड तरुणांना शिक्षक बनविण्याचे केंद्र निघाले. पहिली पुस्तके गोंडीत तयार झाली, आणि ती छापली देवनागरीत; कारण थोडेफार लिहिता-वाचता येणाऱ्या गोंडाला जी लिपी ठाऊक होती ती मराठीची. म्हणजे गोंड मुलाने पहिला शब्द ‘येर’ असा वाचावा, आपल्याच घरचा, आणि अक्षर मात्र आपले बाळबोध. राज्ये बदलल्यावर ती पुस्तके मागे पडली. पुढे २००४ च्या सुमारास संयुक्त आंध्रात आदिवासी भाषांतून पहिलीचे शिक्षण देण्याचा उपक्रम पुन्हा निघाला. त्यांत गोंडी होती, कोलामीही होती, पण या वेळी लिपी तेलुगू होती. पोराच्या तोंडची भाषा तीच. तिच्या अंगावरचे कपडे ज्या त्या राज्याचे.

गुरुजी ऐकून घेत होते. मग म्हणाले, "खरं आहे साहेब. पण माझ्याकडे ना ते पुस्तक, ना हे. माझ्याकडे मराठीची बालभारती आहे आणि नऊ पोरं."

नऊ हा आकडा त्यांनी मुद्दाम उच्चारला होता. पहिलीच्या वर्गात त्या दिवसापर्यंत मराठी मातृभाषेची नऊ मुले नोंदली गेली होती, आणि दहा पाहिजेत असे गुरुजींच्या कानांवर कोठून तरी आले होते. ते कोठून आले हे आम्हांस ठाऊक होते. १९४९ च्या ऑगस्टमध्ये प्रांतोप्रांतीच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद भरली होती. शाळेत निराळ्या मातृभाषेची ४० मुले किंवा एका वर्गात १० असतील तर त्या भाषेचा एक तरी शिक्षक नेमावा, असा तिचा ठराव. तो काही कायदा नव्हे, आणि ३५०-अ मध्ये आकडाच नाही. हे आम्ही गुरुजींना सांगितले. त्यांनी मान डोलावली. कचेरीत कलमापेक्षा आकडा लवकर वाचला जातो, हे त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक होते.

गुरुवारी त्यांनी प्रवेशाचे रजिस्टर आमच्यापुढे ठेवले. नाव, जन्मतारीख, पित्याचे नाव, आणि मग मातृभाषेचा रकाना. त्या पोरीच्या ओळीत तो कोरा होता. "काय लिहू, वकीलसाहेब?"

आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "गोंडी. दुसरे काय? सरकारी दप्तरात खोटी नोंद होता कामा नये. शिवाय ज्या कलमाखाली आपण मराठी मागतो, त्याच कलमाखाली तिचा गोंडीवर हक्क आहे. तो आपल्या दहाव्या आकड्यासाठी खर्च करायचा?" आमचे बोलणे आम्हांलाच फार आवडले. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात, ‘गोंडी’ असे लिहिले. शाईने लिहिले नाही, हे आमच्या ध्यानात आले होते.

रात्री झोप येईना. उकाडा होता, परंतु कारण ते नव्हते. आम्हांस सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आठवत होता. कर्नाटक सरकारने प्राथमिक शाळांवर मातृभाषेचे माध्यम लादले होते; तो प्रश्न पाच न्यायमूर्तींपुढे गेला, आणि त्यांनी सांगितले की मुलाची मातृभाषा कोणती हे ठरविणारे सरकार कोण? ते आईबापाने किंवा पालकाने ठरवायचे. हा निकाल आम्ही स्वतः दोन प्रकरणांत पुढे केला आहे. आणि आज दुपारी आम्ही काय केले? बापाला न विचारता, त्याच्या मुलीची मातृभाषा कोणती हे आम्ही ठरवून टाकले. खोटी नोंद म्हणून ज्याला हिणविले, ती बापाच्या तोंडून आली तर कायद्याने खरी होती. आम्हांस वाटले, गुरुजींना हे न सांगताच निघून जावे. तसे केले नाही, एवढेच आमच्या बाजूने म्हणता येईल.

सकाळी गुड्यावर गेलो. बाप सरकीची पिशवी खांद्याला मारून निघण्याच्या बेतात होता. आम्ही विचारले, घरी काय बोलता? "गोंडी." मुलगी काय बोलते? "गोंडी." मग शाळेत काय लिहायचे? त्याने आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही काहीतरी आडवळणाने त्याच्याकडून काढून घेत आहोत. "मराठी लिहा ना साहेब," तो म्हणाला. "माह्या पोरीले शाळेत टाकाचं हाये." गोंडी लिहिले तरी मुलीला कोणी शाळेतून काढणार नाही, हे आम्ही त्याला तीन वेळा समजावून सांगितले. तीनही वेळा त्याने ऐकले, आणि तीनही वेळा उत्तर तेच दिले.

गुरुजींनी खोडरबराने एक शब्द पुसला आणि दुसरा शाईने लिहिला. दहा झाले.

त्याच दिवशी सामूहिक अक्षराभ्यास होता. बडीबाटच्या आठवड्यात हा दिवस सगळ्यांत मोठा. ओसरीवर सतरंज्या अंथरल्या, ताटांत तांदूळ पसरले, आणि दोन्ही विभागांची नवी मुले आपापल्या वडीलधाऱ्यांच्या मांडीवर बसली. सरकारी शाळेत हा विधी कलम २८ मध्ये कितपत बसतो, असा प्रश्न वकिलाच्या जिभेवर आलाच. पण शेजारी एक मुसलमान आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या, त्यांनी तो गिळावयास लावला. "इसका बिस्मिल्ला तो हो गया," त्या आम्हांस म्हणाल्या, "चार साल, चार महीने, चार दिन का था तब. पर दो बार लिखने में क्या जाता है!" मुलाने तांदळात अलिफ काढला आणि बाईंनी त्याचे बोट न बदलता ‘शाब्बास’ म्हटले.

या जिल्ह्याला अक्षराभ्यासाची ओळख करून देण्याची गरज नाही. गोदेकाठचे बासर, जेथे व्यासांनी वाळूच्या मुठींतून सरस्वती उभी केली असे सांगतात, २०१६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. आज ते निर्मळ जिल्ह्यात आहे, पण वसंतपंचमीला तेलंगणाच्या बरोबरीने नांदेडकडची मराठी माणसेही मुलांना मांडीवर घेऊन तेथे रांगा लावतात. तेलुगूत मुळाक्षरांना ‘ओनमालु’ म्हणतात. आपण आरंभाला ‘ओनामा’ म्हणतो. दोहोंचे मूळ एकच, जुन्या पंतोजींचे ‘ॐ नमः सिद्धम्’. बाईंना आम्ही हे सांगितले तेव्हा त्या एवढ्या हरखल्या की गुरुजींना हाक मारून त्यांनी ते पुन्हा सांगावयास लावले. आठवडाभर एका भिंतीच्या दोन बाजूंना शिकविणारी ही दोन माणसे त्या शब्दावर काही वेळ एकत्र उभी राहिली.

त्या पोरीचा बाप सरकी टोकायला गेला होता आणि आईही. तिला मांडी नव्हती. गुरुजी म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही बसा." आम्ही बसलो. तिचे हाड इतके हलके होते की मांडीवर पाखरू येऊन बसल्यासारखे वाटले. आम्ही तिचे बोट धरून तांदळात ‘श्री’ काढला. ती अक्षराकडे पाहत राहिली, मग हात सोडवून घेऊन तिने तळव्याने सारे तांदूळ सपाट केले, आणि आपल्या मनाने एक उभी रेघ ओढली. दसऱ्याच्या पाटीपूजनाला आपण एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतो. तिच्यातला तो पहिला एक असावा तशी. तेवढ्यावर ती संतुष्ट दिसली.

शनिवारी अर्ज पुरा झाला. पहिलीच्या वर्गात मराठी मातृभाषेची दहा मुले असल्याचे त्यात लिहिले, आणि ते कायद्याच्या कोणत्याही अर्थाने खोटे नव्हते. खाली आम्ही आणखी एक परिच्छेद घातला होता: या मुलांपैकी एकीच्या घरी गोंडी बोलली जाते, सबब तिच्यासाठी गोंडीचे पहिले पुस्तक शाळेस मिळावे. गुरुजींनी अर्ज दोनदा वाचला. त्या परिच्छेदावर त्यांचे बोट थांबले. "साहेब," ते म्हणाले, "एका अर्जात एकच मागणं मागावं. दोन मागितली की कचेरी तिसऱ्याच कारणानं अर्ज परत करते." इतक्या वर्षांच्या वकिलीत आम्ही हाच सल्ला अशिलांना देत आलो आहोत. परिच्छेद आम्ही आमच्याच हाताने काढला. तो निराळ्या अर्जात घालू, असे आम्ही म्हणालो. गुरुजी म्हणाले, "घालू." तो निराळा अर्ज हा मजकूर लिहीपर्यंत आमच्याकडून लिहिला गेलेला नाही.

निघताना हातपंपापाशी हात धूत होतो. ती पोर आली. तिने ओंजळ पुढे केली आणि तोंड उघडले; ‘ये’ इतके ओठांवर आलेले आम्ही स्पष्ट पाहिले. तिने ते आत घेतले आणि म्हणाली, "पानी." ओसरीवरून गुरुजींनी ऐकले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला आणि तो खरा होता. आम्ही पंपाचा दांडा मारला.

हैदराबादेस परतल्यावर आम्ही जुन्या कागदांची पेटी काढली. शाळा सोडल्याचा आमचा दाखला तीत आहे. मातृभाषेपुढे, वळणदार अक्षरात, ‘मराठी’. आजवर आम्ही समजत होतो की हे त्या घाटाकडच्या गुरुजींनी आपल्या मनाने लिहिले असेल. पण त्या पेटीतच प्रवेशाच्या अर्जाची एक पिवळी पडलेली नक्कल निघाली, आणि तिच्यावर तोच शब्द आमच्या वडिलांच्या हस्ताक्षरात होता. वडिलांनी जन्मभर घरी कोंकणीखेरीज दुसरा शब्द उच्चारला नाही. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली.

आम्ही गावी आईला फोन लावला. "आई, बाबान फॉर्मार मराठी कित्याक बरयलें?"

पलीकडे ती थोडा वेळ गप्प राहिली. प्रश्न कळला नाही म्हणून नव्हे, इतक्या साध्या गोष्टीसाठी रात्रीचा फोन का केला हे तिला कळेना म्हणून.

"तुका शाळेंत घालपाचो आशिल्लो मरे," ती म्हणाली.